पिसं झडायचे दिवस

थोरलीने दप्तर पाठीवरून उतरवलंच नाही. तशीच ती खुराड्याच्या दाराला टेकून बसली आणि पाय लांब पसरले. आता खाटकाला कोंबड्यांपर्यंत पोहोचायचं तर आधी तिचे बूट, मग ती आणि शेवटी भूगोलाचं जाडजूड पुस्तक ओलांडावं लागणार होतं.

खाटकाला घाई नव्हती. त्याने रिकामी गोणी खांद्यावर टाकली.

“तुझ्या बाबांनीच बोलावलंय मला.”

“मग त्यांना न्या. आज त्यांनीही अंडं दिलेलं नाही.”

खाटकाने मिशीवरून हात फिरवला आणि हसू आत ढकललं. जाळीपलीकडे मुख्याध्यापिका एका पायावर उभी होती. कोंबडीचं हे नाव थोरलीनेच ठेवलेलं, चालण्यातल्या रुबाबावरून. आता रुबाब तेवढा उरला होता. मान उघडी पडली होती, शेपटीची दोनच पिसं वाऱ्यावर हलत होती, आणि बाकीच्या तिघींची अवस्थाही अशी, की खाटकाचं निम्मं काम आधीच कुणीतरी उरकून गेलंय असं वाटावं.

“खुडूक झाल्यात का?” त्याने विचारलं.

थोरलीला हेच हवं होतं. तिने बसल्याबसल्या सगळं समजावलं. खुडूक कोंबडी अंड्यांवर ठाण मांडून बसते, या बसत नाहीत. दिवस लहान झाला, उजेड कमी झाला, की कोंबडीचं अंगच तिला थांबवतं. जुनी पिसं झडतात, नवी येतात, आणि नवं पीस उगवायला इतकी ताकद लागते की अंड्यासाठी काही उरतच नाही. दिवस मोठा झाला की पुन्हा देतील. हे बाबांना तिने जेवताना सांगितलं होतं, दुकानात सांगितलं होतं, गिऱ्हाइकांसमोरही सांगितलं होतं. तरी बाबांनी घरट्यात टेबल टेनिसचा चेंडू ठेवून पाहिला, कोंबड्यांना आठवण राहावी म्हणून. मुख्याध्यापिकेने तो लाथ मारून अंगणात घालवला.

बेकरीच्या मागच्या दारातून बाबा आले. कोपरापर्यंत पीठ. मुलीकडे पाहिलं, खाटकाकडे पाहिलं, आणि आवाज खाली ठेवून म्हणाले, “ऊठ. शेजारी बघतायत.”

“बघू देत. त्यांनाही सांगते.”

बाबांनी मग नेहमीचंच ऐकवलं. केक अंड्यांशिवाय फुगत नाही. घरच्या अंड्यांचा केक म्हणून लोक लांबून येतात. दाणे खायचे आणि द्यायचं काही नाही, असल्यांना पोसायला हे घर म्हणजे आश्रम नव्हे. बोलताना त्यांनी हात झटकला आणि पिठाचा ढग खाटकाच्या शर्टावर बसला.

थोरली उठली नाही. उलट तिने दाराच्या कडीत बोटं अडकवली, पांढरी पडेपर्यंत.

“बरं,” बाबांनी जरा नमतं घेतलं. “दाणेवाला म्हणतो, खुराड्यात बल्ब लावा. उजाडायच्या कितीतरी आधी पेटवायचा. दिवस सुरू झाला असं वाटून लागतात कामाला. हे चालेल ना? की खाटीकच बरा?”

“दोन्ही नको.”

“अगं, त्यात काय एवढं? त्यांना थोडंच कळतंय.”

“कळतं,” आई म्हणाली.

ती दारात कधी येऊन उभी राहिली होती, कुणी पाहिलं नव्हतं. हातात पावाचे रिकामे ट्रे होते. डोळ्यांखाली ती काळी वर्तुळं, जी थोरलीला आईच्या चेहऱ्याचा भागच वाटायची. लग्न झाल्यापासून पहाटेची भट्टी आईच पेटवायची, थंडीतसुद्धा. बाबा उठायचे तेव्हा पहिले पाव निघालेले असायचे.

“अंधारात दिवा लागला की कळतं,” ती म्हणाली. “उठावं लागतं म्हणून उठतो आम्ही.”

बाबा कोपरावरचं पीठ खरवडू लागले.

आईने ट्रे खाली ठेवले, एकावर एक, आवाज न करता. दिवस मोठा होईपर्यंत केक बंद ठेवू, पाव आणि टोस्ट विकू, असं तिने सांगितलं; विचारलं नाही. मग खाटकाकडे वळून म्हणाली, “भाऊ, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. ताजा पाव घेऊन जा.”

खाटकाने गोणीची घडी घातली. जाताना तो थोरलीच्या पायांना वळसा घालून गेला, अगदी मोठ्या माणसाला घालावा तसा. बाबा जागच्या जागी उभे होते.

“आणि उद्यापासून भट्टी तुम्ही पेटवा,” आई त्यांना म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी थोरलीला जाग आली ती बाबांच्या खोकल्याने. खिडकीबाहेर अजून अंधार होता. बेकरीच्या धुराड्यातून नको तेवढा धूर निघत होता आणि बाबा ओल्या लाकडांना काहीबाही बोलत होते. मदतीला जावं म्हणून ती उठली, चपलाही चढवल्या.

आईच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. अंगणातल्या दिव्याचा उजेड पट्टीसारखा तिच्या उशीवर पडला होता. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती, गुडघे पोटाशी घेऊन, थोरलीची धाकटी बहीण असावी तशी.

थोरलीने चपला काढल्या. आत जाऊन तिने खिडकीचा पडदा कडेपर्यंत ओढला, फट उरली होती तिथे स्वतःची ओढणी खोचली, आणि बाहेर येऊन दाराशी बसली. पाय लांब पसरून.