दवाखान्यात जायचे कपडे

व्हर्डेलने लेकीचा पाय बुटात कोंबला तशी रोशेल कळवळली. "आई, नको गं. सपाता घालते ना मी."

"सपाता घालून बाजारात जा. दवाखान्यात नाही."

अमेरिकेतल्या या मेकन गावात काळ्या माणसाने दवाखान्यात जायचं तर आधी नटायचं, हे व्हर्डेलला तिच्या आईने शिकवलं होतं. गबाळे दिसलात तर नशेच्या गोळ्या मागायला आलात म्हणतात, आवाज चढवलात तर भांडखोर म्हणतात. चर्चमधली अर्लीन छातीत दुखतं म्हणून घरच्या गाऊनवर गेली. तिला पित्ताची गोळी देऊन परत पाठवलं आणि त्याच आठवड्यात तिला पुरलं. म्हणून व्हर्डेलने रविवारचा निळा झगा इस्त्री केला होता आणि रोशेलच्या सुजलेल्या चेहऱ्यावर पावडर थापून ओठ रंगवले होते. रोशेल नुकतीच बाळंत झाली होती. सकाळपासून तिचं डोकं फुटत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, दोनदा ओकलीही होती. तरी लिपस्टिक मात्र व्हर्डेलने नीट रेषेत लावली होती.

"आणि रडायचं नाही. फार दुखतंय असंही म्हणू नकोस, त्यांना खरं वाटत नाही."

दवाखान्यातल्या गोऱ्या नर्सने रोशेलला पाहिलं आणि ती खूशच झाली. "अय्या, किती छान दिसताय! बाळंतीण वाटतच नाही."

रोशेल शहाण्या मुलीसारखी हसली. "थोडं डोकं दुखतंय, मॅडम."

नर्सने दंडाला पट्टा बांधून प्रेशर पाहिलं. "बरंच वाढलंय. पण तुमच्या लोकांत असतंच म्हणा. त्यात बाळाचं जागरण. भरपूर पाणी प्या, झोप काढा आणि पुढच्या आठवड्यात या."

तुमच्या लोकांत! तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची व्हर्डेलला जन्माची सवय होती. ओरडावं तर दारातला रखवालदार बाहेर काढणार, लेकीला तपासणारं कोणी उरणार नाही. निमूट घरी न्यावं तर पुढचा आठवडा कोणी पाहिलाय? इकडे आड, तिकडे विहीर.

"आई, माझी पर्स कुठाय?" रोशेल खुर्चीशेजारी चाचपडत होती. पर्स तिच्या मांडीवरच होती.

तिला ती दिसतच नव्हती. व्हर्डेल खाली बसली आणि रोशेलच्या पायातला बूट ओढू लागली. निघेना. जोर लावून उपसला तेव्हा आतून फुगलेला पाय निघाला, कातडीत बुटाची कड रुतलेली. मग तिने स्वतःच्या हातरुमालाने लेकीचं तोंड खसाखसा पुसलं.

"ही छान नाहीये!" ती किंचाळली. "मीच नटवलीय हिला! ओकतेय सकाळपासून, आता दिसतही नाहीये तिला! मरेल माझी पोर!"

रखवालदार धावत आला. व्हर्डेलने दोन्ही हात वर केले, पण तोंड थांबवलं नाही. "मला हाकला खुशाल! आधी डॉक्टरला बोलवा!"

गलका ऐकून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी रोशेलच्या पायावर अंगठा दाबला. तिथे खळगा पडला, तो तसाच राहिला. स्वतः पुन्हा प्रेशर घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अँब्युलन्स बोलवा. आत्ताच्या आत्ता! इंजेक्शन आणा, एवढ्या प्रेशरने हिला फिट येईल."

मग सगळेच धावू लागले. व्हर्डेलला त्या धावपळीचीच जास्त भीती वाटली. आजवर तिच्या घरातल्या कोणासाठी इथे कोणी धावलं नव्हतं.

स्ट्रेचर बाहेर नेताना डॉक्टरीणबाई वैतागून तिच्याकडे वळल्या. "एवढं सगळं होत होतं, तर आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

व्हर्डेलच्या घशाशी किती पिढ्यांचं उत्तर आलं होतं! पण लेक अजून यांच्याच हातात होती. तिने डोळे पुसले, आवाज खाली आणला.

"चुकलं माझं, मॅडम," ती म्हणाली. "प्लीज, तिला वाचवा."