सेफ्टी स्विच मफी

“फ्लोरीबाय, माझ्या अक्षरात ‘मफी’ दिसला ना, तर पान उलटायच्या आधी मला फोन कर.”

कायमचे खेडला परत जाताना यासीनभाईंनी हे बजावलं, त्याला दोन वर्षं झाली. आखातातल्या तुबलीच्या वर्कशॉपमधले ते सगळ्यांत जुने एसी मेकॅनिक. फ्लोरी तिथली रेकॉर्ड क्लार्क, वसईची. आवाज इतका हळू की फोनवर समोरचा नुसता “हॅलो, हॅलो” करत राही. यासीनभाईंची दुरुस्तीची रजिस्टरं चौदा वर्षं तिनेच कॉम्प्युटरवर चढवली होती.

त्याच नोंदी वापरून मॅनेजर विवेक करंदीकरांनी आता एक सॉफ्टवेअर उभं केलं होतं. “तेलाचे दिवस खलास, फ्लोरी. यापुढे ज्ञान विकायचं,” असं ते येताजाता म्हणत. पडद्यावर एसीचं मशीन हिरवं दिसलं की ठीक, तिकडे तपासणीला माणूस पाठवायचा नाही. लाल दिसलं तरच पाठवायचा.

रविवारी लाँच होतं. बुधवारी नोंदी पडताळताना अमवाज भागातल्या एका इमारतीच्या नोंदीपाशी फ्लोरी अडखळली. गच्चीवरचं मशीन हिरवंगार, आणि खाली यासीनभाईंची नोंद: ‘सेफ्टी स्विच मफी.’

तिने खेडला फोन लावला.

“अगो बाय, अरबीत मफी म्हणजे नाय! स्विच मिळालाच नाय, म्हणून वायर डायरेक्ट जोडली. मशीन तापलं तर बंद नाय व्हायचं, पेटायचं. पार्ट आला की बदलणार होतो, तर माझा व्हिसाच संपला.” मग आवाज खाली आला. “अशी एकतीस मशीनं आहेत, तोंडपाठ आहेत मला. झोप लागत नाय. तू जाऊन बघशील?”

“बघीन,” फ्लोरी म्हणाली.

सॉफ्टवेअरने ‘मफी’चा अर्थ लावला होता ‘मफी मुश्किल’, काही अडचण नाही. एकतीसच्या एकतीस हिरवी.

ती करंदीकरांच्या केबिनमध्ये गेली. “सर, लाँच थांबवा. निदान त्या इमारतींना आजच कळवा.”

“एका शब्दासाठी? आणि खेडच्या म्हाताऱ्याला विचारून चालणारं सॉफ्टवेअर घेणार कोण?”

“ज्याची गच्ची पेटणार नाही, तो घेईल.”

करंदीकर हसले. “मग काढा तुमचीच कंपनी! रोझरी म्हणा आणि एसी दुरुस्त करा.”

“रोझरी रोज म्हणतेच, सर. कंपनी आजपासून.”

“व्हिसा कोण देणार?”

“मी नवऱ्याच्या व्हिसावर आहे, कंपनीच्या नाही.”

हसू मावळलं. “रजिस्टरमधला एक कागद बाहेर गेला तर बघा!”

“रजिस्टर ठेवा तुम्ही.” फ्लोरीने कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. आवाज तसाच हळू होता, पण या वेळी करंदीकरांना पुढे झुकून ऐकावं लागलं. “यासीनभाई त्यात नाहीत.”

घरी लेक क्रिस्टल लॅपटॉपवर नोंदणीचा फॉर्म उघडून बसली. “मम्मा, यू कान्ट इव्हन शाउट ॲट अ टॅक्सी! बिझनेस कसा करणार?”

“ओरडायचा धंदा नाही गं हा. लिही.”

“ओके. व्हॉट डू वी डू?”

“दुरुस्तीच्या नोंदी वाचतो. लिहिणाऱ्याला विचारून.”

“देअर इज नो सच कॅटेगरी.”

“मग जवळचं काहीतरी निवड. आणि पार्टनर लिही, यासीन मुकादम, खेड.”

“ही डझन्ट इव्हन हॅव ईमेल!”

“फोन आहे ना?”

मग फ्लोरीने तो फोन लावला. यासीनभाई एकेक इमारत सांगत गेले, मजला, मशीन, कुठल्या वॉचमनला विचारायचं तेसुद्धा. फ्लोरीने सगळं वहीत उतरवलं.

सकाळी नेमाप्रमाणे रोझरी पुरी करून तिने मण्यांची माळ पर्समध्ये ठेवली, सोबत वही आणि उन्हाची टोपी. गच्चीवरून यासीनभाईंना व्हिडिओ कॉल करायचा होता, म्हणून फोनचं चार्जिंग पुन्हा एकदा पाहिलं. क्रिस्टल अजून झोपलेली होती. दार हलकेच ओढून घेऊन फ्लोरी अमवाजच्या पहिल्या गच्चीकडे निघाली.