दोन-चारचा हात आणि मी

मी एक जुना, पाठीला कुबड असलेला गेमिंग माऊस आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्या बोलण्यावर फार विसंबू नका. थापा मारणं हा माझा जन्माचा छंद. केळझरच्या गणपतीच्या पायाशी बसलेला उंदीर माझा सख्खा चुलता लागतो, असं मी पाच कीबोर्डांना पटवून दिलं होतं. लोडशेडिंगच्या काळात माझ्या लाल उजेडावर अर्ध्या सेलू गावानं बारावीचा अभ्यास केला, ही अफवाही माझीच. वीज गेली की सगळ्यात आधी मी विझायचो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पण आज जे सांगणार आहे त्यात तिखटमीठ नाही. ते एका मुलीच्या अंगठ्याबद्दल आहे, आणि तिथे आलं की माझी थाप घशातच अडकते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. मला घडवणाऱ्यांनी मोठा तळवा डोळ्यांपुढे ठेवला होता. झोपलेल्या मांजरावर अख्खा हात ठेवावा तसा माझ्यावर ठेवायचा, म्हणजे मी लोण्यासारखा चालायचो. माझ्या खोक्यावर तसं चित्रही होतं. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक बाण, आणि खाली बारीक अक्षरांत सूचना: हात साडेसात इंचांहून लांब असेल तरच हा माऊस घ्यावा. ही सूचना माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. आम्ही दोघं एकाच खोक्यातून आलो होतो ना!

२००५ सालच्या उन्हाळ्यात सेलूच्या प्रेमदासनं मला नागपूरहून आणलं. बसस्टँडजवळ त्याचा सायबर कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, एक खडखडणारा कूलर आणि दाराला भिजवलेलं पोतं. खोकं त्यानं स्क्रू ठेवायला घेतलं. चित्राची बाजू भिंतीकडे गेली. मी मनात म्हटलं, बरं झालं.

बाकीच्या पाच कॉम्प्युटरांना करडे, पोटात रबरी गोळी असलेले साधे माऊस होते. मी एक नंबरला. माझ्या पाठीतून लाल दिवा पाझरायचा. पोरं माझ्यासाठी भांडायची, एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करायची आणि मी फुगत जायचो. स्तुती वाईट असते, मित्रांनो. कुबडावर कुबड चढतं.

अशात रक्षा आली. एकोणीस वर्षांची, बांगड्या विकणाऱ्या आनंदाबाईंची मुलगी. दुपारी दोन ते चार उन्हानं बाजार ओस पडला की दुकान आईवर सोपवून ती कॅफेत यायची आणि निशाणा लावायचा गेम खेळायची. काय निशाणा होता पोरीचा! लहानपणापासून काच हाताळलेली. घाईतही तिचा हात थरथरत नसे.

पण ती मला धरायची कशी? डझनभर काचेच्या बांगड्या उचलाव्यात तशी, बोटांच्या टोकांनी. तळवा हवेत. तिची बोटं माझ्या बटणांच्या टोकापर्यंत पोचत नव्हती. माझी कूस इतकी रुंद, की मला सावरायला तिला अंगठा ताणून घट्ट दाबावा लागायचा. पहिल्याच दिवशी मला कळलं, हा हात माझ्यासाठी नाही.

मग एके दिवशी माझ्यापाशी दुसरं कुणी बसलेलं होतं, म्हणून ती चार नंबरवर गेली. तिथला करडा माऊस बुटका, हलका आणि दिसायला उंदराच्या पिल्लासारखा. त्याच्यावर तिचा हात असा बसला, की मला कॅफेच्या या टोकाकडून ते जाणवलं. त्या दिवशी ती एकदाही हरली नाही.

दुसऱ्या दिवशी ती एक आणि चार नंबरच्या मधोमध उभी राहिली. एकदा इकडे बघे, एकदा तिकडे.

प्रेमदास म्हणाला, "काय वं, पाहून काय राह्यली? बस एकवर. गेमिंगचा हाये तो, खास."

"भाऊ, त्याच्यानं हात दुखते माहा."

"अवं, नवी चप्पल चावते का नाई? मंग बसते. तसाच हातही बसते."

प्रेमदासच्या मनात खोट नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं. मला मात्र खरं ठाऊक होतं. त्या दिवशी मी रुसून बसलो असतो, पडद्यावरचा बाण अडकवून ठेवला असता, तर ती उठून चार नंबरला गेली असती. पण महिन्याभरानं स्पर्धा होती. सेलूची सगळी पोरं उतरणार होती आणि जिंकणारा जिल्ह्याला जाणार होता. मला तिच्या हातून जिंकायचं होतं. मी दिवा भगभगून पेटवला आणि लोण्यासारखा चाललो.

ती बसली. मीच तिला बसवलं.

पुढचे तीन आठवडे ती रोज आली. आधी अंगठ्याच्या मुळाशी चोळायची. मग रुमाल बांधायला लागली. मग रुमाल घट्ट केला. आईनं विचारलं तर "उखाण्यावानी काय विचारतं माय, मुरगळला असंन" म्हणून टाळायची, असं ती स्वतःच प्रेमदासला हसत सांगायची. रोज ती जिंकायची आणि रोज मी त्या अंगठ्याखाली गप्प बसायचो.

स्पर्धेचा शेवटचा सामना रविवारी होता. शनिवारी दुपारी दाराचं ओलं पोतं बाजूला सारून आनंदाबाई आत आल्या. मागे मान खाली घातलेली रक्षा.

"प्रेमदास, कोनता हाये तो?"

"काय कोनता, मावशी?"

"ज्याच्या पायी माह्या पोरीचा अंगठा गेला, तो."

मग त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी त्या केळझरला एका लग्नघरी चुडा भरायला गेल्या होत्या. नवरीचा हात रक्षाच्या हातात होता. बांगडी चढवायची म्हणजे समोरच्याचा तळवा अंगठ्यानं दाबून, बोटं जुळवून, हाड चुकवून काच पुढे सरकवायची. सगळा खेळ अंगठ्याचा.

"ऐन टायमाले हिच्या अंगठ्यानं जोर सोडला. तीन बांगड्या एका दमात..." आनंदाबाई थांबल्या. "वाढल्या."

आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, मित्रांनो. आणि नवरीच्या बाबतीत तर नाहीच नाही.

"नवरीच्या मनगटाले रगत आलं. हळदीचा हात तो. तिची आजी म्हने, बाई, आता तुमीच भरा, पोरीले हात लावू देऊ नका. तीस वर्सांत असं कोनी नाई म्हटलं मले."

प्रेमदास चाचरला. "पन मावशी, त्याच्यात माऊसचा काय दोष? भारीतला हाये तो."

"भारीतला हाये तं देवघरात ठेव!"

त्यांनी मला उचललं आणि दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं, गिऱ्हाईकाचा हात दाबून बांगडीचं माप काढतात तसं. त्या दोन क्षणांत माझी सगळी अंडीपिल्ली त्यांना कळली. माझा एकुलता एक डोळा पोटाखाली आहे. आजवर त्याला टेबलाशिवाय काही दिसलं नव्हतं, बाकी सगळं मी कानांनी आणि अंगानं ओळखायचो. त्या दिवशी पहिल्यांदा तो माणसाच्या तोंडाकडे झाला आणि मला तो मिटता येईना.

"हा तं दोन-दहाचा गडी हाये," त्या म्हणाल्या. बांगडीच्या मापात दोन-दहा म्हणजे दांडगा हात. "अन् माह्या पोरीचा हात दोन-चारचा. रक्षा, धर बरं. जशी धरतं तशीच धर."

रक्षानं धरलं. अंगठा टेकताच तिच्या तोंडून "स्स" निघालं.

"पाह्य प्रेमदास. बांगडीवानी धरते हे, बोटाच्या टोकानं. अन् तू तिले ढोल देल्ला."

मग त्यांनी तिचा हात ओळीनं सहाही माऊसांवर ठेवून पाहिला. बोटांची टोकं बटणांच्या टोकापर्यंत जातात का? मनगट सरळ राहतं का? अंगठा नुसता टेकतो, की दाबून धरावा लागतो? चार नंबरला येऊन त्या थांबल्या.

"हा. याच्यावर हात झोपला. तीस वर्सं मी हात पाहून माल देते. माल पाहून कोनाचा हात कापत नाई."

"माय, उद्या फायनल हाये," रक्षा हळूच म्हणाली.

"उद्या अंगठा हाये का तुह्याजवळ?"

रक्षानं चार नंबरवरचा हात काढून घेतला.

रविवारी तिच्या जागी, आधीच्या फेरीत तिच्याकडून हरलेला योगेंद्र बसला. उंच पोरगा, फावड्यासारखा हात. तो माझ्यावर असा बसला, की जणू खोक्यावरचं चित्रच जिवंत झालं. आम्ही जिंकलो. पोरांनी शिट्ट्या मारल्या, फोटो काढला. रक्षा कूलरजवळ उभी होती. उजव्या हाताला पट्टी, म्हणून ती डाव्या हातानं मांडीवर टाळी देत होती. त्या फोटोत मीही आहे. माझा दिवा पेटलेला आहे. मला तो फोटो कुणी दाखवू नये.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी तिचा अंगठा तीन आठवडे बांधून ठेवला. लग्नसराईत आनंदाबाईंनी एकट्यानं चुडे भरले. अंगठा बरा झाला, पण काच चढवण्याचा तो नेमका जोर काही परत आला नाही. आईचा वारसा तिच्या हातात होता, मित्रांनो. तो मी घालवला.

चार वर्षांनी प्रेमदासनं कॅफे बंद केला. सामान काढताना रक्षा आली.

"भाऊ, तो लाल दिव्यावाला मले द्या."

"कायले वं? त्यानंच तं तुहा हात खाल्ला."

"म्हनूनच पाह्यजे."

आता मी कारंजा घाडगेला, हायवेच्या कडेला, तिनं पुढे काढलेल्या दुकानात असतो. एका बाजूला बांगड्या, दुसऱ्या बाजूला माऊस आणि कीबोर्ड. लोक आधी हसतात. मग रक्षा त्यांचा हात हातात घेते, आईसारखाच हलका दाबून बघते आणि म्हणते, "आधी याच्यावर ठेवा. आता सांगा, ताण कुठी येते?" तो 'याच्यावर' म्हणजे मी. काय घेऊ नये ते कळावं म्हणून मी काउंटरवर आहे. दिवसातून दहादा मला माझा गुन्हा कबूल करावा लागतो. ज्यांचे हात दांडगे त्यांना मी बसतो, आणि मग रक्षा त्यांना माझ्या मापाचा नवा माऊस देते.

गेल्या आठवड्यात ढाबेवाले रूपराव लेकीला घेऊन आले. अपेक्षा, दहा वर्षांची. तिनं हात माझ्यावर ठेवला. माझ्या कुबडापुढे तिचा हात चिमणीएवढा.

"बाबा, मले हाच पाह्यजे!"

"दुखीन तुले," रक्षा म्हणाली.

"पोरीचं मन काऊन मोडता, ताई?" रूपराव म्हणाले. "पेटवून तं दाखवा."

रक्षानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि माझी तार जोडली. करंट पोटात शिरला. ओळखीची ऊब पाठीपर्यंत चढली. पोरीचे डोळे माझ्यावर खिळले होते. अशी नजर फार दिवसांत माझ्यावर पडली नव्हती.

मी पेटलो नाही.

रक्षानं तार हलवली, काढली, पुन्हा लावली. मी मेल्यासारखा पडून राहिलो.

"मेला वाटते," रूपराव म्हणाले. अपेक्षाचं तोंड एवढंसं झालं. मग रक्षानं तिचा हात एका बुटक्या, हलक्या माऊसवर ठेवला. अंगठा नुसता टेकला. पोरगी हळूहळू हसली.

कुणी म्हणेल, तार जुनी झाली होती. मी म्हणतो, मी श्वास रोखला होता. थापाड्याचं कोण ऐकतं?

मित्रांनो, वस्तू कितीही झगमगली तरी आधी आपला हात बघा. तो दुखायला लागला की 'बसेल हळूहळू' म्हणू नका. दुखणारा हात खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो माझ्यासारखा.

ते दोघं गेल्यावर रक्षानं माझी तार काढली, ओढणीच्या टोकानं माझी पाठ पुसली आणि मला पुन्हा बांगड्यांच्या शेजारी ठेवलं.

"खोटारडा," ती म्हणाली. आणि अंगठा माझ्या कुशीवर क्षणभर नुसता टेकवला.