दोन काठांची कमान

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं, की माझाच दुसरा काठ मला दिसत नव्हता. वारा पडलेला. खालचं पाणी नुसतं ऐकू येत होतं.

मी पूल बोलतोय. दगडाचा, एकाच कमानीचा. माझा एक पाय एका देशात, दुसरा दुसऱ्या. मला बांधलं तेव्हा देशबिश काही नव्हतं. दोन काठांचे गवंडी आपापल्या बाजूने दगड चढवत आले आणि मधे भेटले. कमानीचं असंच असतं. एकाच बाजूने कितीही जीव लावा, ती उभी राहत नाही.

त्या गवंड्यांची एक रीत होती. कमान पुरी झाली, की खालचा लाकडी आधार काढताना गवंड्याने स्वतः तिच्याखाली उभं राहायचं. आपल्या कामाचा भरवसा आपणच द्यायचा.

माझ्यावरून माणसं गेली, मेंढरं गेली, लेकी सासरी गेल्या. मग जीपगाड्या आल्या आणि माझे सांधे खिळखिळे झाले. अलीकडच्या काठावरच्या गवंड्याला ते बघवेना. तेव्हा तो तरणा होता. पदरचं सिमेंट आणून त्याने माझी अर्धी बाजू लिंपली. मायेनेच लिंपली हो. पण माझा मूळचा चुना पाणी पितो आणि सोडतो; सिमेंटने ते आत कोंडलं. तीस हिवाळे ते माझ्या पोटात गोठलं, आणि दगड फुटू लागले.

पुढे दोन्ही देशांची माणसं नकाशे घेऊन आली. नदीकाठाने पायवाट करायची, पाहुण्यांनी गाड्या लांब ठेवून चालत यायचं, गावातच उतरायचं, झाडं आणि जुनी बांधकामं जपायची, असं ठरलं. माझ्याकडे बघून मात्र साहेब म्हणाले, "सगळं सिमेंट हाताने काढून चुना भरता आला तर ठीक. नाही तर पाडून लोखंडी पूल टाकू."

पलीकडच्या काठावरची गवंडीण, आता म्हातारा झालेल्या त्या गवंड्याची नदीपलीकडची शेजारीण, माझी दुसरी बाजू चुन्याने राखत आली होती. ती छिन्नी घेऊन आली. म्हातारा घुश्श्यात.

"म्हणजे माझा हात वाईट?"

"हात नाही काका, माल चुकला. हात वाईट असता तर हे केव्हाच गळून पडलं असतं. आता काढताना माझा जीव जाणार!"

तो हसला नाही. पण दुसऱ्या दिवशी तिच्याआधी तोच हजर.

माझ्याखाली पुन्हा लाकडी आधार उभा राहिला. दोन उन्हाळे गेले. चुन्याला घाई चालत नाही. आता माझ्यावरून फक्त पायी माणसं जातात. तुम्हीही या, पण चालत या. घटकाभर माझ्या कठड्यावर टेका.

त्या धुक्याच्या सकाळी आधार काढायचा होता. साहेबांनी सगळ्यांना लांब केलं. म्हातारा मात्र कमानीखाली जाऊन उभा राहिला.

"काका, बाहेर या!" साहेब ओरडले.

"याला तीस वर्षं मी आजारी पाडलं. मी नाही हलणार."

आधाराच्या पाचरी ढिल्या होऊ लागल्या. मी अंग आवळून धरलं. तेवढ्यात धुक्यातून पावलं वाजली. शेजारीण येऊन त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि म्हणाली,

"सरका जरा काका, अर्धी कमान आमची आहे."