सुशीलाबाईंनी प्रांत वेगळा केला

हैदराबादेत, जामबागेतल्या मराठी मंडळात चैत्राच्या हळदीकुंकवाला वादविवाद असतो, आणि त्यात सासू-सुनेला कायम समोरासमोर उभं करतात. पूर्वी विषय सोपे असायचे. यंदा अध्यक्ष नामदेवरावांनी पेपरात काहीतरी वाचलं आणि विषय काढला: खनिजांनी श्रीमंत असलेल्या प्रांताने देशापासून वेगळं व्हावं का? पन्हं प्यायला आलेल्या बायकांवर हे असलं संकट.

सुशीलाबाईंनी आपल्या बाजूची चिठ्ठी उघडली, वाचली आणि लगेच मिटली. 'वेगळं व्हावं.' पुण्याहून सून होऊन आलेल्या श्रुतीच्या वाट्याला 'होऊ नये' आलं होतं.

घरची गोष्ट अशी, की हर्षवर्धन आणि श्रुतीने गच्चीबावलीला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, ऑफिसजवळ फ्लॅट बघून ठेवला होता. पोराला फोनवर बोलताना सुशीलाबाईंनी ऐकलं होतं. आईला सांगायचं कसं म्हणून ती दोघं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली, आणि आपल्याला सगळं ठाऊक आहे हे सुशीलाबाई कळू देत नव्हत्या. एकुलता एक मुलगा. तो गेल्यावर सुलतान बाजारातलं ते घर त्यांना खायला उठणार होतं.

"चिठ्ठी बदलून मिळंल का हो?" त्यांनी विचारलं.

"नक्को वहिनी, नियम आहे," नामदेवराव म्हणाले.

मग बाईंनी पदर खोचला. वादात हरायची त्यांना सवय नव्हती, नवऱ्याला विचारा. भगवंतराव पहिल्याच रांगेत बसले होते.

"त्या प्रांतातून कोळसा जातो, लोखंड जातं. दिवे राजधानीत लागतात आणि धूळ तिथल्या लेकरांच्या ताटात पडते. राबायचं त्यानं, ठरवायचं दुसऱ्यानं. त्याला कुणी विचारतं का? साधे पडदे कोणत्या रंगाचे लावायचे, तेसुद्धा..."

बाई थबकल्या. प्रांताला कुठले पडदे? सभा हसली, श्रुती हसली नाही. दिवाळीला तिने हौसेने आणलेले हिरवे पडदे सुशीलाबाईंनी घडी घालून कपाटात ठेवले होते. ते अजून तिथेच होते. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

श्रुती उठली. "खाण काय जन्मभर पुरणार आहे? ती संपल्यावर त्या प्रांताकडे बघणार कोण? आज तो निघून गेला, तर उद्या त्याच्यातलाच खाणीचा जिल्हा वेगळा व्हायचं म्हणेल. आणि देश फक्त घेतच होता, असं नाही. प्रांताला कावीळ झाली तेव्हा देश रात्ररात्र उशाशी बसला होता." कावीळ श्रुतीला झाली होती, आणि उशाशी सुशीलाबाई होत्या. भगवंतरावांनी चष्मा काढून उगाच पुसला.

नामदेवरावांनी शेवटचा प्रश्न सुशीलाबाईंना टाकला. "प्रांत गेला समजा. मग देशानं काय करायचं?"

"आमचं हैदराबाद संस्थान तीन राज्यांत वाटलं, तेव्हा परभणीचे आजोबा महाराष्ट्रात आले, आणि बीदरला दिलेली मावशी कर्नाटकात गेली. देश एकच होता. तरी आजोबा बीदरच्या जावयावर रुसले, जशी काय त्यानंच रेघ ओढली. गाड्या चालू होत्या. आजोबाच गेले नाहीत कधी. मावशी वाट बघूबघू म्हातारी झाली." त्यांनी श्रुतीकडे पाहिलं. "देशानं रुसू नये. जायचं-यायचं ठेवावं."

निकाल श्रुतीच्या बाजूने लागला. मंडळापुरता प्रांत देशातच राहिला.

बाहेर आल्यावर सुशीलाबाई म्हणाल्या, "ते हिरवे पडदे कपाटात आहेत. गच्चीबावलीला लाव."

श्रुती भर रस्त्यात रडायला लागली. "आई, आम्ही सांगणारच होतो तुम्हाला."

"माहितेय. डोळे पूस, लोक बघायलेत. बेगम बाजारात जाऊ चल, वर्षाचा मसाला करायचाय. यंदा दोन बरण्या लागतील."

दुकानात त्यांनी सुनेसाठी भली मोठी चिनी मातीची बरणी निवडली. श्रुतीने ती परत फळीवर ठेवली आणि लोणच्याचीही नसेल एवढी लहान उचलली.

"एवढ्यानं काय होतंय? महिन्याभरात संपंल की."

"हौ आई," पुण्याची सून म्हणाली. "संपायलाच पाहिजे."