थरथर मोजणारा पट्टा

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कुणी वेळ विचारू नका. मी घड्याळ नाही. मी एक जुना, मनगटावर बांधायचा पट्टा आहे, आणि मला एकच विद्या येते: ज्या हातावर बसेन, त्या हाताची थरथर मोजायची. सध्या माझा मुक्काम वसईतल्या एका संशोधन केंद्राच्या कपाटात आहे. कपाटात काहीच हलत नाही. मला इथे ठेवणं म्हणजे कीर्तनकाराला मौनव्रत देण्यासारखं आहे. बाहेरच्या रस्त्यावरून डंपर गेला की कपाट जरासं हादरतं, तेवढाच माझा सण.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे नव्या पट्ट्याला आधी यंत्राच्या हातावर बांधतात आणि गदागदा हलवतात. यंत्राने हलवलेलं आणि पट्ट्याने मोजलेलं जुळलं, तर पट्टा पास. मी पहिल्या फटक्यात पास झालो आणि मला वाटलं, हे काम सोपं आहे. पुढे माणसांच्या हातांवर आलो तेव्हा कळलं, की यंत्राला भीडभाड नसते. माणसाला असते.

कंपवात नावाचा एक आजार आहे. त्यात मेंदूतल्या काही पेशी वेळेआधीच निवृत्ती घेतात, आणि निरोपसमारंभही करू देत नाहीत. मग हात थरथरतो, पाय जमिनीला चिकटतो, सही मुंगीएवढी होते. आजची औषधं थरथर आवरतात, पण पेशींची झीज थांबवत नाहीत. ती झीज रोखेल असं औषध शोधण्याचं काम आमच्या केंद्रात चाललं होतं. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची गोळी, आणि कुणाला कोणती हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. शेवटी दोन्हींची तुलना. ती तुलना करायची आमच्या, म्हणजे पट्ट्यांच्या, भरवशावर.

मी ज्यांच्या वाट्याला आलो ते हरेश्वरभाऊ वसईजवळच्या आगाशीचे बागायतदार. त्यांच्या घरची सुकेळी पंचक्रोशीत प्रसिद्ध. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधायची. भाऊंनी बांधलेली पुडी आपण होऊन कधी सुटत नसे. आता मात्र गाठ मारायला गेले की बोटंच नाचू लागत, आणि सुकेळी बांधायचं काम पत्नी पुतळाबाईंकडे गेलं होतं. हे औषध लागू पडावं आणि पुन्हा आपल्या हाताने पुडी बांधता यावी, एवढीच भाऊंची इच्छा. आपली प्रगती दिसली नाही तर आपल्याला प्रयोगातून काढून टाकतील, ही त्यांची धास्ती.

ही धास्ती त्यांना कुणी घातली नव्हती. त्यांनी ती घरीच तयार केली होती.

केंद्रातल्या डॉक्टर क्लेमेंटीन भाऊंच्या शेजारच्याच गावातल्या. पहिल्या तपासणीला त्यांनी माझी नोंद पाहिली आणि क्षणभर त्यांचं तोंड उतरलं. थरथर वाढली होती.

"काका, कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"फस्क्लास!" भाऊ म्हणाले. हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता. मी त्याच मांडीखाली होतो. माझी अवस्था काय झाली असेल, तुम्हीच विचार करा.

घरी आल्यावर भाऊ ओटीवर येरझारा घालू लागले. बसले की हात हलायचा, म्हणून उठायचे. उठले की पाय अडायचा, म्हणून बसायचे.

"पोरीचं तोंड उतरलं गो," ते पुतळाबाईंना म्हणाले. "एवढी शिकली, आपल्याच बाजूची पोर, आनि तिच्या औषधाला आपन नाट लावायचा?"

आता हे घर कसलं, ते सांगायला हवं. इथे पाहुण्याने लग्नात मीठ नसलेली आमटी खाल्ली तरी हात धुताना "उत्तम झालं" म्हणायचं, ही पिढीजात रीत. डॉक्टरांनी औषध दिलं, म्हणजे डॉक्टरांनी वाढलं. वाढणाऱ्याला नावं कोण ठेवणार?

पुतळाबाईंनी विळी बाजूला सारली. "तुमचा हात हलतो, माजा हलतो काय? आना तो पट्टा इकडं."

"अगो, पन त्यांना कलंल."

"पट्टा काय बोलतो? त्याला तोंड कुठं हाय!"

तोंड नव्हतं, हे खरं. असतं तर मी त्याच घटकेला ओरडलो असतो.

अशा रीतीने मी हिरव्या बांगड्यांच्या शेजारी राहायला गेलो. तपासणीच्या दिवशी तेवढा भाऊंच्या हातावर परतायचो, त्यांच्या शर्टाच्या बाहीखाली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी कंपाचा आकडा पाहिला आणि त्या खुर्चीतून उठल्याच. माझं केवढं कौतुक झालं! केंद्रातल्या लोकांनी माझा फोटो काढला. आयुष्यात माझं जेवढं नाव झालं, ते सगळं पुतळाबाईंच्या मनगटाने झालं.

"काका, गुण छानच येतोय. आता थरथर आवरणाऱ्या तुमच्या जुन्या गोळ्या थोड्या कमी करून बघू," डॉक्टर म्हणाल्या. प्रयोगाच्या नियमात ते बसत होतं.

भाऊंनी मान डोलावली. वाढलेलं नाकारायचं कसं?

जुन्या गोळ्या कमी झाल्या आणि भाऊंचा आधार गेला. आगाशीच्या बाजारात रस्ता ओलांडताना त्यांचे दोन्ही पाय मध्येच रुतले. समोर एसटी. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मागचे रिक्षावाले "ओ काका, चला की!" म्हणून खेकसतायत, आणि भाऊंना चालायचंय पण पाय ऐकत नाहीत. शेवटी एका फुलवालीने हाताला धरून त्यांना कडेला आणलं. मी तेव्हा त्यांच्या हातावर नव्हतो. मी घरी केळी सोलत होतो. जे मोजायला माझा जन्म झाला, तेच भर बाजारात घडलं आणि माझ्याकडे त्याची नोंद नाही. ती बेचैनी मला अजून सोडत नाही.

पुतळाबाईंनी ते ऐकलं. त्या संध्याकाळी त्यांनी मला दोनदा काढलं आणि दोनदा परत घातलं.

तोवर केंद्रात दुसरंच वादळ उठलं. डॉक्टर इतके दिवस नुसता कंपाचा आकडा पाहत होत्या. आता त्यांच्याकडे दिवसभराच्या हालचालीचा सविस्तर आलेख आला, आणि तो पाहून त्यांना घाम फुटला. रोज सकाळी भाऊंच्या हाताला झटके येत होते. तेही लयीत. थोडा वेळ झटके, मग विश्रांती, मग पुन्हा झटके. अशा झटक्यांचं वर्णन कुठल्याच पुस्तकात नव्हतं. नव्या औषधाचा हा भयंकर दुष्परिणाम असेल, तर वरच्या समितीला कळवून सगळ्या रुग्णांच्या गोळ्या थांबवाव्या लागणार होत्या. औषध पास व्हावं म्हणून केलेली युक्ती औषधाच्याच मुळावर आली होती.

कळवण्याआधी एकदा डोळ्यांनी पाहावं, म्हणून डॉक्टर सकाळीच आगाशीला आल्या. भाऊ ओटीवर बसले होते. हात बिचारा नेहमीसारखा थरथरत होता, पण झटका एकही नाही. डॉक्टरांच्या हातातल्या मोबाइलवर मात्र माझा आलेख ताजा ताजा उमटत होता: ठोका, ठोका, ठोका.

आणि आतून आवाज येत होता. थप, थप, थप.

डॉक्टरांनी मोबाइल पाहिला. स्वयंपाकघराकडे पाहिलं. पुन्हा मोबाइल पाहिला. मग चपला काढून त्या थेट आत गेल्या. पुतळाबाई तांदळाची भाकरी थापत होत्या आणि पिठाने माखलेला मी त्यांच्या मनगटावर इमानेइतबारे काम करत होतो.

"काकी," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "हा झटका तव्यावर टाका आता. तवा तापलाय."

पुतळाबाईंनी पिठाच्या हातानेच मला सोडवून पुढे केलं. "बाय, माजी चूक. तुजं औषध नापास होऊ नये म्हनून केलं. पन ह्यांना परवा भर रस्त्यात उभं ठेवलं मी. हा मानूस मेला असता."

भाऊ भिंतीला धरून दारात आले होते. डॉक्टर त्यांच्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, पण हसूही नव्हतं. "काका, तुम्हाला बरं वाटतंय, हे मला नको होतं. तुम्हाला काय वाटतंय, ते हवं होतं. औषध फसलं तर तेही मला कळायलाच हवं. नाहीतर फसलेलं औषध मी पुढच्या हजार माणसांना देत बसेन."

मग भाऊ म्हणाले, "बाय, बरं नाय. पाय रुततात. रात्री कूस बदलता येत नाय. आनि गाठ तर अजिबात मारता येत नाय."

डॉक्टरांनी जुन्या गोळ्या तिथल्या तिथे पूर्ववत केल्या. मला धुऊन पुसून भाऊंच्या हातावर बांधलं. भाऊंना ठेवायचं की काढायचं, हे समितीच्या हाती गेलं. ते दिवस भाऊंनी कसे काढले ते मला विचारा. फोन वाजला की त्यांचा हात आधी उडायचा, मग फोन. अखेर निरोप आला: भाकऱ्यांचा काळ हिशेबातून बाद, हरेश्वरभाऊ प्रयोगात कायम. त्यानंतर मी प्रत्येक थरथर मोजली. एकही सुंदर नव्हती. सगळ्या खऱ्या होत्या.

प्रयोग संपला तेव्हा गुपित फुटलं. खरी गोळी घेणाऱ्यांची झीज थोडी मंदावलेली दिसत होती. थोडीच, आणि पुढच्या टप्प्यात ते पुन्हा तपासायचं होतं. हरेश्वरभाऊंना मात्र पहिल्यापासून पिठाची गोळी मिळाली होती.

पुतळाबाई केंद्रातच कडाडल्या, "पीठच द्यायचं होतं, तर माज्या घरात काय कमी होतं?"

भाऊ हसले. आजारात चेहरा कडक होतो, त्यामुळे त्यांचं हसू उशिरा पोचायचं, पण पोचलं.

"अगो, कोनीतरी पीठ खायलाच पायजे होतं," ते म्हणाले. "माजी थरथर एवढी वाढली, म्हनून तर दुसऱ्यांची कमी वाढली ते कललं ना!" आणि पुढच्या टप्प्यात आपलं नाव आहे का, हे त्यांनी डॉक्टरांना तिथेच विचारलं. आहे, म्हणाल्या. या वेळी सगळ्यांना खरी गोळी.

त्या टप्प्यासाठी नवे, अंगठीएवढे पट्टे आले आणि मी कपाटात गेलो. तक्रार नाही. पण जाता जाता सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरात कुणाचा हात थरथरत असेल, तर त्यांना चहाचा कप अर्धा भरून द्या, पण डॉक्टरांना मात्र पूर्ण सांगा. भिडेपोटी बरे होऊ नका. आणि कुणाला या कपाटाची चावी सापडली, तर मला जरा चार्जिंगला लावा. औषध अजून पुरतं सापडलेलं नाही, आणि अशा वेळी नुसतं पडून राहणं मला जमत नाही.