ओझेल पीव्ही पायऱ्या उतरतो

१९७४ सालचा जानेवारी. पट्टी किंचित वाकडी बसली होती. पत्र्याच्या फळ्यावर लोहचुंबकाने चिकटलेली बोटभर रुंद पांढरी पट्टी, तिच्यावर काळ्या शाईत ‘पीव्ही, ओझेल’... आणि होझेआ टिलरीला सारखं वाटत होतं, उठावं आणि ती सरळ करावी. पण ड्राफ्टच्या दिवशी या खोलीत कोणी उगाच उठत नाही. अमेरिकेत चेंडू हातात घेऊन पळायचा जो फुटबॉल, त्याचे देशभरातले क्लब आपापल्या पाळीने कॉलेजातली पोरं निवडत होते, फोनवरून नावं येत होती, आणि प्रत्येक नावासरशी सेक्रेटरीबाई एक पट्टी काढून खोक्यात टाकत होत्या. पट्टी गेली की त्या पोरासाठी काही करण्यासारखं उरत नाही, ना चांगलं ना वाईट. टिलरी सकाळपासून मनातल्या मनात त्याचीच वाट बघत होता — दुसऱ्या कोणी तरी पीव्हीला उचलावं. ती पट्टी मात्र जागची हलत नव्हती.

टिलरीच्या क्लबाला चेंडू घेऊन पळणारा हवा होता. पहिल्या फेरीत त्यांनी बचावाचा गडी घेतला होता. आता दुसरी फेरी, आणि पळणाऱ्यांच्या रांगेत वर दोनच नावं उरलेली. केसलर आणि पीव्ही. केसलर उत्तरेतल्या मोठ्या विद्यापीठाचा, रुंद छातीचा, सरळ पळणारा. त्याच्याबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. पीव्हीला या खोलीतल्या एकाच माणसाने प्रत्यक्ष पाहिलं होतं.

“होझेआ, बोल बाबा. तुझं गिऱ्हाईक आहे,” निवडप्रमुख गस लिंडक्विस्ट म्हणाला.

“गर्दीत थांबता येतं त्याला,” टिलरी म्हणाला. “बाकीची पोरं चेंडू हातात आला की भिंतीवर डोकं आपटतात. हा थांबतो. फट पडायच्या आधीच त्याचं पाऊल तिकडे वळलेलं असतं.”

“पडल्यावर?”

“पडला तरी चेंडू सोडत नाही. चेंडू आधी उठतो, मग तो.”

कोणीतरी हसलं. टिलरीसारखाच गावोगाव फिरून पोरं हेरणारा, मिशिगनचा म्हातारा स्काउट हूकस्ट्रा चिरूट चावत म्हणाला, “एवढा गोड आहे तर हात ठेव की. नऊ वर्षं बघतोय, तुझा हात आपला खिशातच. थंडी वाजते का रे?”

त्या क्लबात रीत होती तशी. दोन पोरांत अडलं, की ज्याने पोराला पाहिलंय त्याने उठायचं आणि टेबलावर तळहात ठेवायचा. भाषण नाही, शपथ नाही. हात ठेवला की पोरगा त्याचा... चमकला तरी त्याचा, मोडला तरी त्याचा. हूकस्ट्राने तो अनेकदा ठेवला होता आणि बहुतेकदा तोंडावर आपटला होता; दर वर्षी त्यावरून थट्टा व्हायची आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा. टिलरीने एकदाही ठेवला नव्हता. दक्षिणेतली काळ्यांची कॉलेजं बघायला म्हणून नेमलेला, खोलीतला एकटा काळा माणूस. हूकस्ट्राचा हात चुकला तर हूकस्ट्रा चुकतो. माझा चुकला तर... तर ती कॉलेजंच चुकतात, तिथली सगळी पोरं चुकतात, पुढल्या वर्षी तिकडे गाडी फिरकतच नाही. हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवायची गरजच काय होती?

आणि पायऱ्या होत्याच.

नोव्हेंबरात मिसिसिपीत, चर्चनंतरचं रविवारचं जेवण. पीव्हीला वाढवलेली त्याची आजी मिस लुव्हीनिया — निळी टोपी अजून डोक्यावर, हातात कोंबडीचं ताट — “घ्या हो मिस्टर टिलरी, त्या उत्तरेत तुम्हाला कोण जेवायला घालतंय” असं म्हणत पुन्हा पुन्हा वाढणारी. आदल्या दिवशी मैदानावर पोराला चौघांनी घेरलं होतं आणि तो त्यांच्या मधून पाणी निसटावं तसा निसटला होता. टिलरीच्या अंगावर काटा आला होता, आणि हा धंदा अंगावर काटा येणाऱ्यांचा नव्हे. जेवण झालं, ओझेल त्याला गाडीपर्यंत सोडायला निघाला. ओसरीच्या पाचसहा लाकडी पायऱ्या. टिलरी आधी उतरला आणि सहज मागे वळला. पोरगा कडेने उतरत होता. एक हात कठड्यावर, डावा पाय खाली, मग उजवा त्याच पायरीवर त्याच्या शेजारी... पुन्हा डावा... म्हातारी माणसं उतरतात तसा.

दुखरा पाय आधी खाली. ही खूण टिलरीला पुस्तकातून कळली नव्हती. त्याचं स्वतःचं डावं ढोपर रोज सकाळी त्याला तसंच उतरवायचं, खालून बायको व्हर्डेल ओरडायची, “आला माझा खेकडा. चहा ओतू का कॉफी?”

पण त्या पायऱ्या... फळी कुजकी होती का? दोन महिने तो त्या पायऱ्या आठवत होता. कधी तिसरी फळी मधोमध तडकलेली दिसायची, म्हणजे त्या घरात सगळेच कडेने उतरत असणार. कधी फळ्या नव्या कोऱ्या, पिवळ्याधमक दिसायच्या. मी स्वतः उतरलो त्यांच्यावरून! माझे पाय काय म्हणाले? पायांना काही आठवत नव्हतं, कारण ते तर कुठल्याही जिन्यावर तसेच उतरतात... किंवा पोराने आदल्या दिवशी मार खाल्ला होता, दुसऱ्या दिवशी कोण सरळ चालतो? मग तिथेच विचारलं का नाही? तोंड उघडलं होतं. बाहेर पडलं ते एवढंच, “आजीला सांग, जेवण झकास होतं.”

तोंड का मिटलं, तेही त्याला ठाऊक होतं. एकोणपन्नास साली, तो स्वतः खेळाडू म्हणून एका क्लबाच्या चाचणीला गेला होता तेव्हा, पँटच्या आत ढोपर करकचून बांधलेलं होतं आणि तो देवाला एकच म्हणत होता — कोणी बघू नये. कोणी बघितलं नाही. तीन हंगाम मिळाले. तीन हंगाम हजारो माणसं त्याला पाहून उभी राहिली, आणि मग एका चिखलाच्या दुपारी ढोपरात ओली काडी मोडल्यासारखा आवाज झाला. कोणी बघितलं असतं, सांगितलं असतं, तर आज पाय धड असता. आणि ते तीन हंगाम नसते. कुणी आज निवड कर म्हटलं असतं तर... टिलरी या जागी नेहमी अडखळायचा, आणि तो का अडखळतो हेच त्याला सगळ्यांत भयंकर वाटायचं.

“होझेआ,” लिंडक्विस्ट म्हणाला, “आपली पाळी आली. केसलर सांगू?”

सांग. या एका शब्दात सगळं मिटत होतं. केसलर ठणठणीत होता, कोणी काही विचारणार नव्हतं. आणि पीव्ही खाली घसरला असता... तिसऱ्या, चौथ्या फेरीत कोणीतरी घेतला असता, किंवा घेतला नसता आणि गावातल्या लाकडाच्या गिरणीत लागला असता. गिरणीतही माणसांची बोटं जातातच की.

तो उभा राहिला होता. केव्हा उठला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. हूकस्ट्राने चिरूट तोंडातून काढला.

“ढोपरं कशी आहेत?” लिंडक्विस्टने विचारलं. क्लबाचा डॉक्टर पोराला तपासायचा तो निवड झाल्यावर. तोवर स्काउटचे डोळे हाच डॉक्टर.

“पळताना मी त्याला कधीही लंगडताना पाहिलेलं नाही,” टिलरी म्हणाला. शब्द न् शब्द खरा होता. आणि त्याने तळहात टेबलावर ठेवला. टेबल गार होतं.

“घ्या,” हूकस्ट्रा म्हणाला, “अखेर मेलेला उठला.” सगळे हसले, लिंडक्विस्टने फोनमध्ये नाव सांगितलं, आणि वाकडी पट्टी फळ्यावरून उतरली.

निवडलेल्या पोराला स्काउटनेच कळवायचं असतं. दुपारी त्याने मिसिसिपीला फोन लावला. ओझेल घरात नव्हता. मिस लुव्हीनियाने उचलला. त्याने बातमी सांगितली.

“मिस्टर टिलरी,” मग ती म्हणाली, “त्या रविवारी मी खिडकीत होते. तो उतरताना तुम्ही बघत होतात. आणि तुमच्याकडे मी बघत होते.”

“हो, बाई.”

“देव तुमचं भलं करो.”

तिने आणखी काही सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही. एक प्रश्न होता, साधा, एका श्वासात मावणारा. तारेत खरखर होत राहिली आणि तिच्या मागे कुठेतरी कोंबड्या.

ओझेल पीव्ही चार हंगाम खेळला. पहिल्या तीन हंगामांत त्याच्यासाठी माणसं उभी राहायची. चौथ्यात त्याचं ढोपर गेलं. उजवं. डॉक्टर म्हणाले, हा योगायोग. दुसरे म्हणाले, डाव्याला सांभाळता सांभाळता उजवं थकलं असेल. पुढे तो गावच्या शाळेत पोरांना खेळ शिकवू लागला आणि दर नाताळात टिलरीला फोन करायचा. दोघं हवापाण्याबद्दल बोलायचे. मिस लुव्हीनिया नातवाने बांधून दिलेल्या विटांच्या घरात ऐंशी ओलांडून गेली. केसलर दुसऱ्या क्लबात दहा-अकरा वर्षं खेळला, फारसा कोणाच्या लक्षात न राहता, आणि धडधाकट घरी गेला. हूकस्ट्राने पुढल्याच वर्षी पुन्हा हात ठेवला, पुन्हा तोंडावर आपटला. लिंडक्विस्ट फ्लोरिडात मासे धरता धरता वारला. त्या खोलीत टिलरीच्या शेजारी पुढे आणखी दोन काळे स्काउट बसू लागले. व्हर्डेल म्हणायची, हे तुझ्यामुळे, आणि तो म्हणायचा, काय माहीत.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दिवस मावळताना तो सरोवराच्या काठाने गाडी हाकत घरी निघाला होता, आणि आत अपराधीपणा शोधत होता — तो असायलाच हवा होता, सकाळपासून त्याची जागा त्याने रिकामी करून ठेवली होती. तो सापडेना. सापडत होता तो आनंद. नागडा, वेडगळ, पंचवीस वर्षांपूर्वीचा आनंद. पुढे कोणी नाही, नुसतं मोकळं हिरवं मैदान, छातीशी लंबगोल चेंडू, आणि मागे पावलं. ती कुणाची आहेत, किती जवळ आली आहेत, हे बघायला मान वळवली की वेग जातो. पळणाऱ्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक असतं. टिलरीने आरशाकडे न बघता गाडी पुढे घातली.